तळाला बसलेली हळद

आमच्या प्रयोगशाळेतले मामा आकडे कानडीत सांगायचे. घराणं त्यांचं मराठी, पण पिढ्यानपिढ्या म्हैसुरात राहिलेलं. माझ्याशी ते मराठीतच बोलत, निम्मं कानडी मिसळून. मीटरपुढे उभे राहिले की मात्र मराठी संपायची. "शाळेत कन्नडातच मोजायला शिकलो गं, दुसऱ्या भाषेत मोजलं की चुकते," म्हणायचे. मी सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले, हूटगळ्ळीच्या पुढच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले आणि तिथेच पीएचडीला नाव नोंदवलं. माझं कानडी भाजी घेण्यापुरतं. शंभरपर्यंतचे आकडे मी मामांकडून शिकले, तेही इंजिनाच्या धडधडाटात.

मामा तिथले फिटर. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे आणि इंजिन सुरू झालं की पोरी. माझ्या नाकावर कायम राग. वेळेवर काही झालं नाही की मी धुसफुसायचे, आणि ते कापडाला हात पुसत म्हणायचे, "सुम्ने बस गं. इंजिन तापूंदे स्वल्प." उगी बस, तापू दे जरा, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यांनी म्हटलं की मी खरंच उगी बसायचे. घरी हे कुणाला सांगितलं तर पटायचं नाही.

माझं काम असं होतं. होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, बियांच्या तेलापासून बायोडिझेल करतात. ते डिझेलपेक्षा जाडसर, त्यामुळे फवारा उडताना थेंब मोठे पडतात आणि सगळं नीट जळत नाही. त्यात एका धातूच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड मिसळायची. ज्वाळेत जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे ती पूड स्वतःजवळचा देते, मग धूर होऊन जाणारा कार्बन आतच जळतो. निदान जळावा. पूड सेरियमची होती, फिकट पिवळी, लिटरभर तेलाला नखावर मावेल एवढीच लागायची. मामांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव हळद ठेवलं.

"आणि हळद मग जाते कुठं?" त्यांनी विचारलं होतं. "सायलेन्सरमधनं बाहेरच ना, अल्वा? माणसाच्या नाकात?"

हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे आणि पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही. मी तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. मला मामांचं कौतुक वाटलं, आणि आपल्याला आधी सुचला नाही म्हणून थोडा रागही आला.

पूड तेलात मिसळायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते हिनकलच्या अलीकडच्या एका कॉलेजात होतं. आवाजाच्या लहरींनी कण तेलात पसरवायचे, मग रुंद तोंडाच्या निळ्या कॅनमध्ये भरून आमच्याकडे आणायचं. पहिल्या खेपेला मामांनी कॅन त्यांच्या जुन्या स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये ठेवून आणला आणि आल्या आल्या टाकीत ओतला. इंजिन तापलं, लोड लावला, मामा धूर मोजायच्या मीटरपुढे उभे राहिले आणि ओरडून म्हणाले, "इप्पत्तेरडु." बावीस. पूड नसताना हाच आकडा तिशीच्या पुढे असायचा. त्या दिवशी मी मामांना म्हैसूरपाक आणून दिला, आणि त्यांनी तो माझ्यासमोरच सगळ्या स्टाफला वाटून टाकला.

माझे मार्गदर्शक खूश झाले, पण म्हणाले की एकदा आलेला आकडा हा आकडा नव्हे, तीनदा आणून दाखव. बरोबरच होतं ते. मग मी कंबर कसली. आता स्कूटर नको, म्हटलं, कॅन माझ्या गाडीतून येईल. मी तो शेजारच्या सीटवर ठेवून त्याला सीटबेल्ट लावला. मामा बघून हसले, "लेकराला शाळेला सोडायला निघालीस काय?" आदल्या संध्याकाळी कॅन आणायचा, बुडबुडे जावेत म्हणून रात्रभर फडताळात ठेवायचा आणि सकाळी न हिंदकळता अलगद ओतायचा. एवढी काळजी मी माझ्या मुलीच्या डब्याचीही घेतली नसेल.

मामांनी सांगितलं, "मूवत्तेरडु." बत्तीस. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही जवळपास तेच. पूड घातली काय, न घातली काय.

मी आधी स्वतःच्या कानाला दोष दिला. इप्पत्तेरडु आणि मूवत्तेरडु, इंजिनाच्या आवाजात अर्धा शब्द विरला तर काय ऐकू येणार? मामांना विचारलं, तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही नक्की काय सांगितलं होतंत? "इप्पत्तेरडु. डोळ्यानं बघून सांगितलो." तिथे मी थांबायला हवं होतं. पण आठवड्याने मार्गदर्शकांना आकडे दाखवायचे होते, डोकं फिरलेलं होतं, आणि मी म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून कमी सांगितलं नाहीत ना मामा?"

मामांनी हातातलं कापड घडी करून टेबलावर ठेवलं आणि ते बाहेर गेले.

त्यानंतर मामांनी आकडा सांगणं सोडलं. इंजिन सुरू करून देत, लोड लावत आणि मीटरपासून चार पावलं लांब, खिडकीकडे तोंड करून उभे राहत. पोरी गेली, इंजिनाजवळही मॅडम आलं. सांगितलेलं काम करत, न सांगितलेलं एकही नाही. मला प्रबंधाची काळजी होती हे खरं, पण घरी जाताना डोक्यात राहायचं ते हे दुसरंच. ज्या माणसाने मला या गावात पहिल्यांदा उगी बसवलं, त्यालाच मी खोटं ठरवलं होतं.

कॅन धुणं हे न सांगितलेल्या कामांपैकी. आजवर मामाच आत डिझेल खळबळून धूत आले होते. तो तीन-चार दिवस तसाच पडलेला बघून मी स्वतः नळाखाली नेला, आत हात घातला आणि बाहेर काढला तर बोटं पिवळी. तळाला हळदीचा लेप बसला होता. कण खाली बसतात हे मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहून शिकवलेलं. पण ते धरून ठेवायला आम्ही तेलात आणखी एक रसायन घातलं होतं, आणि त्याच्यावर माझा फार भरवसा. मामांच्या स्कूटरने हिनकलपासूनचे सगळे खड्डे आणि गतिरोधक खाऊन ते तेल ढवळत आणलं होतं. मी मात्र लेकरासारखं निजवून वरचं नितळ तेल तेवढं जाळत बसले होते.

मी पिवळा हात आणि कॅन तसेच मामांना नेऊन दाखवले. "चुकलं माझं," म्हटलं. "तेलाचंही आणि तुमच्या बाबतीतही."

त्यांनी हात बघितला, तळाचं बघितलं. "आयतु, सोडा मॅडम," म्हणाले. झालं, सोडा. पण त्यातला मॅडम काही सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कॅन स्कूटरवरून आणायला सांगितलं. "कार आहे की तुमची." "कार नको मामा. खड्डे चुकवू नका." ते आले, कॅन उतरवला, मी लगेच टाकीत ओतला. इंजिन तापलं. लोड लावून मामा सवयीने खिडकीकडे वळले.

"सांगा मामा."

"तुम्हीच बघा. मी बघितलं की परत शंका यायची तुम्हाला."

मी मीटरकडे पाठ केली आणि वही उघडली. "मी बघणार नाही. तुम्ही सांगाल ते लिहिते."

मग मामा माझ्या बाजूने मीटरकडे गेले, चार पावलं. मला इप्पत्तेरडु हवं होतं, आणि मला काय हवंय हे त्यांना माहीत होतं.

"इप्पत्तमूरु," मामा म्हणाले. "लिही, पोरी."

तेवीस. एकाने जास्त. मी मागे वळून न बघता, पेन्सिल सोडून पेनने लिहिलं.