टँकरचा आकडा

"मॅडम, लेकीला आज सुट्टी हाय म्हनले मोठे डॉक्टर. मग पुन्ना सुई कशाला?"

करमाडहून आलेली ती आई बर्न्स वॉर्डच्या दारातच मला आडवी आली. कडेवर तीन वर्षांची आरोही. डाव्या मांडीपासून गुडघ्यापर्यंत ड्रेसिंग, हातात बिस्कीट. आंघोळीचं कढत पाणी अंगावर सांडलं, त्याला आज तिसरा दिवस. भाजलेला भाग लहान, ताप नाही, पोरगी हसतेय.

"घरी जायच्या आधीचं शेवटचं रक्त," मी म्हटलं. "एकदाच टोचते."

मी रक्त घेत होते आणि ती बोलत होती. "सांडल्याबरुबर म्या पिंपच वतलं हिच्यावर. आठ दिसाचं पानी. सासूबाई अजून बोलत्यात, समदं पानी घालवलं म्हनून."

"सासूबाईंना सांग, त्या पाण्यामुळंच जखम खोल गेली नाही. सर्जन सर काल तेच म्हणत होते."

तिनं मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही. घरी पाण्यावरून काय ऐकावं लागतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

मी डॉक्टर नव्हे. शहरातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबची इनचार्ज होते, आता रिटायर झालेय. भाजलेल्या मुलांच्या रक्तातले काही मार्कर आम्ही रोज मोजायचो. मार्कर म्हणजे आत काय चाललंय ते सांगणारा रक्तातला पदार्थ. सीआरपी नावाचा मार्कर नुसतं भाजलं तरी वाढतो, त्यामुळं त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहता येत नाही. दुसरा प्रोकॅल्सिटोनिन, आम्ही त्याला पीसीटी म्हणायचो. तो खाली येऊन पुन्हा उसळला, की समजायचं आत जंतूंचा उद्योग सुरू झालाय.

ते दुष्काळाचे दिवस होते. शहर शेंद्र्याच्या कारखान्यांच्या दिशेनं पसरत चाललेलं, आणि नळाला पाणी नाही. हॉस्पिटल टँकरवर. आता आमच्या मशीनचे लाड असे, की प्रत्येक टेस्टनंतर त्याला धुवायला अगदी शुद्ध पाणी पाहिजे. टँकरमधलं बोअरचं जड पाणी फिल्टरला झेपेना. आदल्या आठवड्यात अख्ख्या वॉर्डाचे रिपोर्ट वाटेल तसे आले. तेव्हापासून विचित्र आकडा दिसला की मी म्हणायचे, "सोडा हो, टँकरचा आकडा आहे." शब्द माझाच. बघता बघता सिस्टरपासून सर्जनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला.

आरोहीचा पीसीटी काल एकच्या खाली होता. आज मशीननं नऊ दाखवला.

मी सवयीनं रिपोर्टवर लिहिलं, 'टँकर. उद्या पुन्हा.'

शेजारी सलीमभाई उभे होते. माझ्याइतकीच वर्षं लॅबमध्ये काढलेले टेक्निशियन. म्हणाले, "मॅडम, जरा ठहरो. हिच्या आगे-पीछेचे सॅम्पल बघा. सब नॉर्मल. पाणी खराब असतं तर एकट्या पोरीचाच आकडा बिघडला असता का?"

एवढी साधी गोष्ट, आणि मी बघितलीसुद्धा नव्हती!

आता कंट्रोल लावायचा. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं सॅम्पल. मशीन खरं बोलतंय की नाही, ते त्याच्यावरून कळतं. पण त्याआधी मशीन स्वच्छ धुवायला हवं. कपाटात शुद्ध पाण्याचे दोन सीलबंद कॅन होते, अगदीच अडलं तर म्हणून जपलेले. नवे कधी येतील, ते सप्लायरसुद्धा सांगत नव्हता.

"उघडा," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

कंट्रोल बरोबर आला. मग पुन्हा आरोहीचं सॅम्पल लावलं. पुन्हा नऊ. मी सर्जन सरांना फोन केला.

"काय मॅडम, आज पण टँकर का?"

"नाही सर. मशीन धुतलं, कंट्रोल लावला. आकडा खरा आहे."

"अहो, पोरगी माझ्यासमोर बिस्कीट खातेय. जखम स्वच्छ आहे. डिस्चार्जवर माझी सही झालीय."

"सर, तो कागद फाडा. टँकर-टँकर मीच करत होते, चूक माझी. पण तिला करमाडला पाठवू नका."

सर म्हणाले, "दुसरं रक्त घ्या."

दुसऱ्या रक्ताचा आकडा आला पंधरा. सरांनी लगेच सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केलं, आयसीयूत बेड ठेवायला सांगितला. दुपारी तीनला आरोही तापानं फणफणली. अंगभर लाल पुरळ, जुलाब, बीपी घसरलेलं. सर म्हणाले, लहान मुलांत भाजणं थोडंसं असलं तरी असं होतं. जखम वरून छान दिसते आणि जंतू आपलं विष गुपचूप रक्तात सोडतात.

सही झालेल्या कागदाप्रमाणं ती त्या वेळी घरी, गावात असती.

एवढी वर्षं मी रक्त मोजलं. पण त्या दिवशी खरंच हात जोडावेसे वाटले. पोरगी हसत होती, आई निघायची तयारी करत होती, मोठे डॉक्टर निर्धास्त होते, आणि रक्ताच्या चार थेंबांना सकाळीच सगळं ठाऊक होतं! आम्हाला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी वर 'टँकर' लिहून मोकळी झाले होते.

आरोही वाचली. खरी सुट्टी झाली त्या दिवशी आई तिला घेऊन लॅबमध्ये आली. मशीनकडं बराच वेळ बघत राहिली.

"ह्याला बी पानी लागतं व्हय?"

"लागतं. लई लागतं."

"मग त्या दिशी कुठून आनलं?"

मी कॅनची गोष्ट सांगितली. जपून ठेवलेलं सगळं पाणी तिच्या लेकीपायी संपवलं, म्हटलं.

ती पहिल्यांदाच मोकळं हसली. "म्हंजी तुमी बी पिंप वतलं!"

'टँकरचा आकडा' हा शब्द मी त्याच दिवशी लॅबमधून बंद केला. तिच्या सासूबाईंनी बोलणं बंद केलं की नाही, ते मला कळलं नाही.