फोनवर केलेली टिक

“रिकरन्स नाही, हे कशावरून लिहिलंत?” पुण्याहून आलेल्या कुलकर्णी मॅडमनी विचारलं. समोर मी भरलेले फॉर्म होते.

मी सुरतेत भूलतज्ज्ञ आहे. कॅन्सरच्या ऑपरेशनला दोनपैकी कोणती भूल दिली तर आजार कमी परततो, हे तपासायला काही हॉस्पिटलं एकत्र आली होती. आजार परतला की त्याला रिकरन्स म्हणतात. तो सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायला हवा, नाहीतर नुसती खिचडी होते. मॅडम तेच बघायला आल्या होत्या.

“फोनवर विचारलं,” मी म्हणालो.

“नेमकं काय विचारलं?”

दर दोन महिन्यांनी मी म्हणायचो, ‘काय मग, सगळं बरं शे ना?’ पलीकडून ‘बरं शे’ आलं की फॉर्मवर टिक. पेशंट बहुतेक सुरतेतल्या उधना, गोडादऱ्यातले, खानदेशातून आलेले. मीही अमळनेरकडचा, म्हणून हे फोन माझ्याकडे. आपली माणसं, आपली बोली, याचा मला चांगलाच तोरा होता.

फोनवर टिक केलेल्या प्रत्येकाला बोलावून तपासा, असं मॅडमनी सांगितलं.

पहिले आले लूमवर काम करणारे रघुनाथभाऊ, सोबत त्यांच्या पत्नी सिंधूताई. भाऊंच्या जबड्याच्या ऑपरेशनला भूल मीच दिली होती. त्यांनी मानेवरचा रुमाल सोडला. कानाखाली लिंबाएवढी गाठ होती.

दिवाळीपासून आहे, असं सिंधूताई म्हणाल्या. दिवाळीनंतर मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा त्यांनीच उचलला होता.

“मग तेव्हा सांगितलं का नाही?”

“तुम्हीच इचारं ना, बरं शे ना म्हनीसन. साहेबले नही कसं सांगू?” त्या खाली बघत म्हणाल्या.

खाली बघायला हवं होतं मी. आमच्याकडे घरात कोणी तापाने फणफणत असलं तरी फोनवर पहिलं उत्तर ‘बरं शे’ हेच. माझी आई आजही तेच म्हणते. मॅडमना हे ठाऊक नसलं तरी चाललं असतं. मला ठाऊक होतं, तरी मी उंटावरून शेळ्या हाकल्या. इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

सर्जननी तपासलं, स्कॅन आणि बायोप्सी केली. आजार परतला होता. गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. दिवाळीच्या सुमारास आले असते तर काढता आली असती, म्हणाले. आता फक्त रेडिएशन आणि औषधं. मी सिंधूताईंना सांगितलं, चूक तुमची नाही, माझी आहे.

“तुम्ही फोन तरी कया, साहेब. दुसरं कोन करस?”

फोन केला म्हणून त्या माझेच आभार मानत होत्या. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता सगळ्या हॉस्पिटलांत एकच फॉर्म आहे. नवी गाठ आहे का, कोणी हात लावून पाहिली, कोणत्या दिवशी. फोनवरच्या उत्तरावर टिक नाही. विचारताना उत्तर आपणच पेशंटच्या तोंडात घालू नये, एवढं शिकायला मला रघुनाथभाऊंची मान लागली.

रिकरन्सची तारीख म्हणजे बायोप्सीच्या रिपोर्टची तारीख, असंही ठरलं. ते बरोबरच आहे. भाऊंच्या फॉर्मवर मी तीच तारीख लिहिली. दिवाळी लिहायला त्यात रकाना नाही.