ओवाळलेली चकती

आमच्या रवा-मैद्याच्या कारखान्यात अवरक्त किरणांनी पिठातला ओलावा मोजणारं यंत्र आलं. ते आधी एक कोरडी पांढरी चकती बघतं आणि तिच्याशी ताडून पीठ मोजतं. मालकांनी थाटात पूजा करताना नेमकं त्या चकतीलाच ओलं गंध लावलं. मग त्या ओल्या चकतीलाच कोरडं धरून यंत्र सांगू लागलं, पिठात पाणी शून्यापेक्षाही कमी आहे.

“परत पाठवा हे!” मालक कडाडले.

प्रयोगशाळेतल्या नंदाताई या यंत्रासाठी वर्षभर भांडल्या होत्या; त्यांचा चेहरा पडला. पण त्यांनी चकती निरखली, पुसून वाळवली, आणि आकडा जागेवर आला.

आपणही ज्याला ओवाळतो त्याच्यावरूनच जग मोजतो, आणि मग जगच बिघडलंय म्हणतो.

“म्हणजे पूजा चुकली?” मालकांनी विचारलं.

“छे, पूजा पावली साहेब,” नंदाताई म्हणाल्या. “फक्त देवाच्या डोळ्यात गंध गेलं.”