नायलॉनची गाठ

आज मासोळीचं जाळं सांधायले नायलॉनची नवी रीळ फोडली, अन् बायकोचं ऑपरेशन आठवलं. पोटाचे पहिले टाके खोकल्यानं उसवले होते, म्हणून दुसऱ्यांदा शिवायचं होतं. डॉक्टरबाईनं निळा धागा दाखवला. "हा विरघळत नाही, आत कायम राहतो."

मी म्हटलं, "बाई, हा तर नायलॉनवाणीच दिसते. याची गाठ सरकते. दोन गाठीत भागत नाई."

ती हसली. "म्हणून तर सहा मारते, भाऊ."

चौथ्या दिवशी बायकोले पुन्हा खोकला आला. मी घाबरून तिच्या पोटावर हात दाबला. ती म्हणाली, "काऊन, जाळं फाटलं का पाहून राह्यले?" पट्टी कोरडी होती. माह्या जीवात जीव आला.

औंदा ती तापानं गेली. मधली वीस वर्षं मात्र धानाचे भारे उचलत, माह्याशी भांडत, धडधाकट जगली.