वहिनींच्या गोळ्या, माझं अंग

"जीभ वर कर."

मी तोंड उघडलं. वहिनींनी बोट आत घातलं. जिभेखाली फिरवलं, गालात फिरवलं. त्यांचं नख हिरडीला लागलं. रक्ताची चव आली. मग बोट बाहेर काढून त्यांनी ते माझ्याच पदराला पुसलं.

"गिळलीस. लाग कामाला."

मी पन्नाशीची बाई. दोन मुलींची लग्नं लावलेली. जपानमधल्या कोबेच्या डोंगरउतारावरच्या त्या फ्लॅटमध्ये, समुद्र दिसणाऱ्या खिडकीसमोर, बाजारातल्या गुरासारखी तोंड वासून उभी होते. आदल्या दिवशी मी गोळी गालात धरून मोरीत थुंकली होती. वहिनींनी ते पाहिलं होतं.

मी मिरजेची. नवरा ट्रकखाली गेला. वहिनींच्या नवऱ्याचा, साहेबांचा, कोबेला निर्यातीचा धंदा, त्यांना घरचा स्वयंपाक हवा होता. त्यांनी मला आणलं. उतरल्या उतरल्या पासपोर्ट मागून घेतला आणि कपाटात ठेवला. मी विचारलं नाही. मोठी माणसं, नीट ठेवतील असं वाटलं.

कोबेत मोठा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. वहिनींची पाळी गेली होती. अंगातून वाफा निघायच्या. भर थंडीत खिडक्या उघडायच्या. एकदा भाजी खारट झाली म्हणून त्यांनी ताट माझ्या अंगावर फेकलं. डॉक्टरांनी त्यांना हार्मोनच्या गोळ्या दिल्या. त्यांच्या मुंबईच्या बहिणीनं फोनवर सांगितलं, त्यानं छातीत गाठी होतात. वहिनी घाबरल्या.

एका सकाळी माझ्या चहाच्या कपाजवळ गोळी ठेवलेली.

"तुलाही घाम येतो ना? घे. महागाचं औषध आहे."

मला भरून आलं. नवरा गेल्यापासून माझ्या अंगाची चौकशी कुणी केली नव्हती. मी गोळी घेतली. वर म्हटलं, "वहिनी, तुमचे उपकार."

आठवडा झाला आणि छाती ठणकायला लागली. कणीक मळताना हात पुढे गेला की डोळ्यांत पाणी. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. डोकं ठणठणायचं. पाय इतके सुजले की घरातल्या सपाता चढेनात. मी वहिनींना सांगितलं. त्यांनी हातातलं काम टाकून ऐकलं.

"एकीकडे दुखतं का दोन्हीकडे? गाठ लागते?"

आणि न विचारता ब्लाउजमध्ये हात घालून दाबून पाहिलं. मी कळवळले.

"सोस जरा. मुरायला वेळ लागतो."

सोसलं. सोसणं तेवढं मला येत होतं. गार पाण्याचा फडका छातीवर धरायचे, उपाशीपोटी गोळी नको म्हणून आधी भाताचे दोन घास खायचे, संधी मिळाली की पाय उशीवर टाकायचे. मग एकदा थुंकली. मग तोंडात बोट.

त्या रविवारी दुपारी साहेबांचे जपानी पाहुणे जेवायला होते. मी पुऱ्या वाढत होते. मांडीवरून काहीतरी गरम ओघळलं. दोन वर्षं माझी पाळी बंद होती. खाली पाहिलं. पांढऱ्या गालिचावर रक्त. पाहुण्यांनी माना खाली घातल्या. साहेब हसले आणि त्यांच्या ग्लासांत बिअर ओतत राहिले.

पाहुणे गेले. वहिनींनी माझा अंबाडा धरला. गुडघ्यांवर बसवलं. डोकं खाली दाबलं, नाक त्या डागाला लागेपर्यंत.

"घाण केलीस. पूस."

मी पुसलं. साडी बदलायलाही उठू दिलं नाही. अंगातून वाहत होतं आणि मी पुसत होते. वहिनी आतल्या खोलीत गेल्या. बहिणीला फोन लावला. दार उघडंच होतं.

"मी नाही गं सुरू केल्या अजून. आधी बाईला देऊन बघतेय. छाती दुखते म्हणते, आज अंगावर गेलं तिच्या. मेली नाही अजून. महिनाभर बघते, मग मी घेते."

फडका हातात तसाच राहिला. आधी राग आला नाही. आधी कळलं. बोट का घातलं ते कळलं. छाती का दाबली ते कळलं. मी ज्याला माया समजले होते, ते उंदराला पिंजऱ्यात घालून बघणं होतं. राग नंतर आला. असा आला की रात्री वहिनींच्या गोळ्यांतलं एक पाकीट उचललं.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून खाली गेले. गोळ्यांचं पाकीट कमरेला खोचलेलं. भाजीच्या दुकानातली ओबासान, म्हणजे मावशी, माझ्याच वयाची. तिच्याशी बोलून बोलूनच मी मोडकं जपानी शिकले होते. मी तिला पाकीट दाखवलं, पाय दाखवले. तिनं दुकानाचं शटर ओढलं आणि मला हाताला धरून बायकांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, हात लावू का. मग तपासलं. रक्तदाब खूप वाढलेला. घरात कुणाला छातीची गाठ होती का? मी म्हटलं, थोरली बहीण. गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला समजावं म्हणून सावकाश बोलल्या. हे औषध पुष्कळ बायकांना चांगलं लागू पडतं. सुरुवातीला छाती दुखते, मळमळतं, अंगावर जातं, ते सांभाळता येतं. पण आधी तपासावं लागतं, विचारावं लागतं. तुझ्यासाठी हे धोक्याचं. आजपासून बंद.

"कुणी दिलं?"

"ओकुसान." मालकीणबाईला तिथे तसंच म्हणतात.

"ती डॉक्टर आहे?"

"नाही."

"मग तू का घेतलंस?"

मी गोळ्यांचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवून दिलं.

दुसऱ्या सकाळी तव्यावर थालीपीठ होतं. वहिनी गोळी घेऊन आल्या.

"नाही घेणार."

थप्पड बसली. कान बधिर झाला. मी पुन्हा म्हटलं, नाही घेणार. त्यांनी तव्यावरचं उलथनं उचललं आणि माझ्या दंडावर मारलं. कातडी त्याला चिकटून आली.

मी त्यांचं मनगट धरलं. पिळलं. हाड हाताला लागलं. पंजा तव्यावर नेला. वीतभर वर. मग चार बोटं वर. त्या किंचाळत होत्या आणि मला थांबायचं नव्हतं. खरं सांगते, दया येऊन थांबले नाही. हात भाजला असता तर पोलिसांनी मला नेलं असतं, आणि बिचारी ती ठरली असती. म्हणून थांबले.

"माझी बहीण छातीच्या गाठीनं मेली. तुम्ही विचारलंत का?"

"मला भीती वाटत होती गं."

"मग माझा जीव काय फुकटचा होता?"

साहेब धावत आले. "सोड तिला. डोकं फिरलंय का तुझं?"

"पासपोर्ट आणा. ओबासान खाली उभी आहे. डॉक्टरीणबाईंना सगळं माहीत आहे."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. मग कपाट उघडलं.

पासपोर्ट घेऊन मी बाहेर पडले. कोबेतल्याच सान्नोमिया भागात एका पंजाबी हॉटेलात रोट्या लाटायचं काम मिळालं. व्हिसाचं मालकानं बघितलं. रक्त थांबलं, सूज उतरली. घामाच्या वाफा अजून येतात. डॉक्टरीणबाई दुसरे उपाय सांगतात, ते पटले तर करते, नाहीतर नाही म्हणते.

परवा हॉटेलातल्या गिऱ्हाइकांकडून ऐकून मालक म्हणाला, साहेब गावाकडून नवी बाई आणतायत. विधवा. अठ्ठेचाळीसची. वयाची अट वहिनींनी घातली.

तिचं नाव मला माहीत नाही. विमान कधी उतरतं ते विचारून ठेवलंय. ती बाहेर येईल तिथे मी उभी राहणार. तिला सांगणार, पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नकोस. कुणी आपणहून दिलेली गोळी तोंडात घालू नकोस. कुणी अंगाला हात लावला तर ओरड, मी याच गावात आहे. साहेब आणि वहिनी तिला न्यायला तिथेच असतील. त्यांच्या देखतच सांगणार.