पापडांवरून काढलेला नकाशा

मायक्रोवेव्हचा डबा आतून सगळीकडे सारखा तापत नाही. एका जागी रटरट उकळी फुटते आणि तिथून चार बोटांवर तेल थंडगार राहतं. याचं गणित पुस्तकात आहे. मी मात्र आईचे पापड वापरले.

मी साकोलीला रसायनशास्त्र शिकवते. माहेर तुमसरचं, तिथे भावाची राइस मिल. मिलमधल्या कोंड्याच्या तेलापासून जनरेटरसाठी डिझेलसारखं इंधन करायचं, हे खूळ माझं. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवलं की ते होतं. साध्या आचेवर फार वेळ खातं, मायक्रोवेव्हने झटपट. म्हणून भंगारातून दोन जुने ओव्हन आणले आणि दर रविवारी एसटीने तुमसर गाठू लागले.

फिरणारी थाळी काढून टाकायची, पुठ्ठ्यावर कच्चे पापड मांडायचे, थोडा वेळ यंत्र चालवायचं. जिथे फोड आले तिथे आच. पुठ्ठा दोन बोटं वर सरकवायचा आणि पुन्हा नवे पापड. आई कपाळावर हात मारायची. "अवो, एवढं शिकून पापडच भाजाले लागली का तू?" पण डबा भरून द्यायचीही तीच. त्या फोडांवरून मी कागदावर नकाशा काढला आणि तेलाची टेफ्लॉनची नळी बरोबर त्या तापणाऱ्या जागांमधून वळवत नेली. नळी बाहेर येते त्या भोकांतून लहरी गळू नयेत म्हणून बाहीसारखी धातूची लांब नळकांडी बसवली. तीन वेळा सगळं उकलून पुन्हा बांधलं. एका प्रयोगावर माझा कधीच विश्वास बसत नाही.

ज्या दिवशी बाटलीत वर पिवळं स्वच्छ इंधन आणि खाली तपकिरी गाळ असे दोन थर उभे राहिले, त्या दिवशी भावाने ते जनरेटरमध्ये ओतलं. जनरेटर धडधडला. भाऊ हमालांना ओरडून सांगत सुटला, "माह्या बहिणीनं केलं हे, माह्या बहिणीनं!" खोटं कशाला बोलू, मला रडू आलं होतं.

पुढच्याच महिन्यात हक्कसोडीचे कागद निघाले. बाबा गेल्यावर शेत भावाच्या नावे करायचं राहिलं होतं. आमच्याकडे बहीण हक्कसोडीवर सही करते, आणि कागद न वाचता करते. वाचत बसली तर बोलणं होतं, बाप्पा, सख्ख्या भावावर भरवसा नाही हिचा! शेताचा मला मोह नव्हताच. आई शेजारी बसून पानं पलटत होती. "इथं कर, बाई. इथं बी." मी करत गेले.

मग भंडाऱ्याला कृषी प्रदर्शन भरलं. विद्यार्थ्यांना घेऊन गेले, तर समोर माझं यंत्र, हिरवा रंग मारलेलं. वर पाटी: रचनाकार म्हणून भावाचं नाव, एकट्याचं. भाऊ शेजारीच उभा. एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "हे नळी अशी वाकडीतिकडी काहून आहे?"

"तशीच राहते ते," भाऊ म्हणाला.

मी गर्दीतूनच मागे फिरले. तिथे तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तुमसरला गेले. भावाने शांतपणे कपाटातून एक कागद काढला. त्यात लिहिलं होतं: यंत्राची रचना सर्वस्वी माझ्या भावाची असून मी केवळ चाचणीत मदत केली. खाली माझी सही, ठसठशीत.

"मी शेताच्या कागदावर सही केली होती!"

"सगळ्यांवरच केली तू. पेटंटचा अर्ज टाकला आहे मीनं. एका नावानं सोपं पडते."

"मग मले विचारलं काहून नाही?"

"तू नाही म्हटलं असतं."

चोर, हलकट, तोंडाला येईल ते बोलले. तो खाली मान घालून मोबाइल पाहत राहिला. शेत मी हसत दिलं होतं. हे माझ्या डोक्यातलं होतं, आणि या मेल्याने ते माझ्याच हाताने लिहून घेतलं.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. आई भाजी निवडत होती. म्हटलं, "आई, पाहिलं का काय केलं यानं? तू समजाव त्याले. तो कागद फाडाले लाव."

तिने मान वर केली नाही. "तुले नोकरी आहे, बाई. लोक मॅडम म्हणतात. त्याले कोण विचारते? त्याचं बी कुठं नाव होऊ दे ना."

आई चौथीपर्यंत शिकलेली, पेपर रोज वाचते.

"तू वाचला होता तो कागद?"

"वाचला होता," आई म्हणाली. "म्हणून तं पानं लवकर लवकर पलटवली."