अण्णांचा जास्तीचा जबडा

जगातली प्रत्येक वस्तू थंड झाली की आकसते, यावर आमच्या अण्णांचा जेवढा विश्वास आहे तेवढा देवावरही नसेल. अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका फौंड्रीत त्यांनी जन्मभर लाकडाचे पॅटर्न केले. पॅटर्न वाळूत दाबून साचा उठवायचा आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा. रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मापापेक्षा थोडा मोठा ठेवतात. अण्णा निवृत्त झाले, पण त्यांची ही जास्तीची सूट काही निवृत्त झाली नाही. दहा पाहुणे येणार असले तर पानं पंधरा, नातवाचा शर्ट दोन मापं मोठा. लग्नात त्यांनी मला घातलेली अंगठी मी अजून दोरा गुंडाळून वापरतो. माझी उंचीसुद्धा त्यांनी भावकीत वाढवून सांगितली होती. मी कुरकुरलो तर म्हणाले, "असू द्या की. चार तोंडांतून जाईपर्यंत आकसतंय ते."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, पण हाड पोखरून बसली होती, म्हणून डॉक्टरांनी जबड्याचा तेवढा तुकडाच काढून टाकला. गाल आत गेला, घास ओठाच्या कोपऱ्यातून निसटू लागला. पंगतीत मधोमध बसून सगळ्यांना आग्रह करकरून वाढायला लावणारा हा माणूस तेव्हापासून कोठीत, भिंतीकडे तोंड करून एकटा जेवू लागला. वहिनी ताट आत ठेवायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. आम्हाला फार वाईट वाटायचं, पण बोलणार कोण?

मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नव्या उपचाराचं सांगितलं. कमरेच्या हाडातली मज्जा काढायची, तिच्यातल्या पेशी बारीक छिद्रांच्या एका तुकड्यावर पसरायच्या आणि तो तुकडा जबड्यात बसवायचा. पुढे हाड त्या पेशीच तयार करतील. "करतीलच असं मात्र मी म्हणत नाही, अण्णा," त्या म्हणाल्या. अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मालच स्वतःला ओतणार? आणि तपासणार कोण?" पुढच्या खेपेला ते सागवानाचा एक सुरेख अर्धा जबडा करून घेऊन गेले, अर्थातच मापापेक्षा जरा मोठा. बाईंनी हसू आवरून सांगितलं की हाडाला पॅटर्न लागत नाही. अण्णांना हे अजिबात पटलं नाही, पण त्यांनी सही केली.

शस्त्रक्रियेनंतर गालाला हात लावायची मनाई होती, आणि तिथे जाडी मोजायचा कॅलिपर लावल्याशिवाय तर अण्णांना झोप येईना. मग त्यांनी सावली मोजायला घेतली. रोज सकाळी आठ वाजता ते खिडकीशी एकाच स्टुलावर बसायचे आणि वहिनी भिंतीवर पडलेल्या त्यांच्या तोंडाच्या सावलीभोवती पेन्सिल फिरवायच्या. "हलू नका री, नाक मोठं होतंय!" त्या कानडी वळणानं दटावायच्या. महिनाभरात गाल चांगला बोटभर भरला. अण्णांनी पेढे वाटले. मी शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. ही वाढ सूर्य सरकल्याची आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी मुकाट्याने दोन पेढे खाल्ले.

खरं हाड त्याच्या चालीनं, कुणाला न विचारता येत होतं. वर्षअखेरीच्या एक्स-रे फोटोत ते दिसलं. पुरतं नाही, पण जबडा जुळण्याइतकं. हनुवटी डावीकडे कललीय, ती तशीच राहणार. दात अजून बसवायचेत.

गेल्या रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. वहिनी सवयीनं ताट घेऊन कोठीकडे निघाल्या, तर अण्णांनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि येऊन माझ्यासमोर बसले. आम्ही सगळे भले लोक, म्हणून माना खाली घालून भात कालवत राहिलो. अण्णांनी पहिला घास घेतला. आमटीचा एक थेंब हनुवटीवरून ओघळला. वहिनींचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"खाली काय बघताय सगळे?" अण्णा म्हणाले. "हिकडं बघा की. एवढंच आलंय. पण माझंच आहे."

आम्ही बघितलं, आणि वहिनींनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला, अर्थातच जरा जास्तीचा.